चोवीस तासांत उत्तर न आल्यास

"मिळालं का काही?" श्रीनिवासरावांनी चॅटच्या खिडकीत विचारलं.

"मिळालं की. कैरीच्या डाळीच्या तीन पाककृती, लडाखची दोन प्रवासवर्णनं, त्यात फोटो एकशे चाळीस, आणि विरहाच्या पाच कविता. पाच वेगवेगळ्या पुरुषांच्या."

"पाचही जणांना सोडून गेलेली बाई एकच असेल. चौकशी कर."

"श्रीनिवासराव, उद्या गुरुवार आहे. मस्करी पुरे."

"सुरू तूच केलीस. एक वाजला, मी डबा खाऊन येतो."

त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला आणि मी सांगलीतल्या आमच्या हायस्कूलच्या ग्रंथालयात टेबलावर बोटं आपटत बसले. याला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी तिथं ग्रंथपाल होते. पोरं मधल्या सुट्टीत पुस्तकं न्यायची, बाकी दिवसभर मी, कपाटं आणि शाळेने घेतलेला एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर मी 'परसदार' चालवायची. चालवायची म्हणजे मालकीण नव्हे. मराठीत लिहिलेला कुठलाही ब्लॉग आपोआप गोळा करून एका पानावर मांडणारी ती साइट होती. रोज दीडदोनशे नवे लेख येऊन पडायचे, त्यातून एक उचलून वर 'आजचं पान' म्हणून लावायचा, हे आम्हा निवडकर्त्यांचं काम. पगार नाही, मानधन नाही, चूक झाली तर शिव्या मात्र वेळेवर. तरी मी ते काम शाळेच्या कामापेक्षा मन लावून करायची, हे आता निवृत्तीला आल्यावर कबूल करायला हरकत नाही.

निवडकर्ते तिघं. त्यातली इरावती मस्कतला असायची, ती तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. उरलो मी आणि पुण्याचे श्रीनिवास कुलथे. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. पण सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच हा माणूस न चुकता हजर. ऑफिसात काम करता की नाही, असं मी विचारलं की म्हणायचे, आमच्याकडे खुर्च्या जास्त आणि काम कमी. मी त्यांना सरकारचे जावई म्हणायची.

कामाचे नियम त्यांनीच लिहून काढले होते. एक, कुठलंही पान दोघांच्या मताशिवाय लावायचं नाही. दोन, लेखकाला आधी ईमेलने पत्र पाठवून विचारायचं. आता हे ब्लॉगवाले लोक पत्रं बघायचेच नाहीत. आम्ही वाट बघून थकायचो, पान रिकामं राहायचं. शेवटी श्रीनिवासरावांनी पत्राच्या मसुद्यात एक ओळ घातली: 'चोवीस तासांत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजण्यात येईल.' मला ती ओळ फार आवडली होती. देव धीर वाटत होता तेव्हा मी रांग मोडून भलतीकडेच गेले असणार. वाट बघणं मला जमत नाही.

आणि तो गुरुवार साधा नव्हता. परसदारचा तिसरा वाढदिवस. वाढदिवसाचं पान आठवडाभर वर राहणार होतं आणि दुपारी तीन वाजता सात हजार लोकांना ईमेलच्या डाकेने जाणार होतं. दर वर्षी त्या पानावरून वर्षभर बोललं जायचं. आणि माझ्या हातात कैरीची डाळ.

मी यादी खालून वाचायला घेतली. वरचे लेख सगळेच बघतात; मी तळ ढवळायची. एक वाजून दहा मिनिटांनी तळाशी एक बिननावाचा ब्लॉग दिसला. चारच लेख. प्रतिक्रिया एकही नाही. वाचकांचा आकडा अकरा. शेवटचा लेख उघडला.

'त्याला वाटतं, मला माहीत नाही. दिवाळीनंतर सासूबाई मोरीत घसरून पडल्या. त्याचा मोबाइल लागेना म्हणून मी ऑफिसच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, ते तर गणपतीनंतर सोडून गेले. मी तिला थँक्यू म्हटलं आणि सासूबाईंना रिक्षात घातलं. संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला आला, बूट काढले, म्हणाला, आज फार काम होतं. मी म्हटलं, चहा टाकते.

तेव्हापासून मी रोज सकाळी डबा भरते आणि तो घेऊन जातो. एकदा एका पेशंटचं रक्त घ्यायला निघाले होते, तर वाटेतल्या बागेत तो दिसला. बाकावर बसून जेवत होता. रसाची भाजी होती त्या दिवशी. पँटवर सांडू नये म्हणून पुढे वाकून, डबा हनुवटीला लावून खात होता. ऑफिसात टेबल असतं, बाकाला टेबल नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी कोरडी भाजी देते. परवा म्हणाला, हल्ली रसाची भाजी करतच नाहीस. मी म्हटलं, डबा गळतो. तो म्हणाला, नवा आण की. म्हटलं, आणते.

विचारलं तर तो खरं सांगेल. तो खोटारडा नाही. पण मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो काय करेल? त्या नऊ वाजताची मला भीती वाटते. म्हणून मी डबा भरते.'

मी उठून उभी राहिले. कपाटांच्या मधून दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन वाचलं, परत उठले. असं काही वाचलं की मला बसवत नाही. त्या बाईच्या खाजगीपणाची, नवऱ्याच्या मानाची, कशाकशाची मला पर्वा वाटली नाही. मला फक्त एवढंच वाटलं की हे अकरा लोकांत राहता कामा नये. आणि हे मी शोधलं, असंही वाटलं. ते आधी वाटलं की नंतर, ते नका विचारू.

एक वाजून वीस मिनिटांनी मी ठरलेलं पत्र पाठवलं.

दीडला ठिपका हिरवा झाला. "मिळालं?"

"मिळालं. सोनं मिळालंय. पण उद्या दाखवीन, परवानगीची मुदत संपली की."

"नाव तरी सांग."

"नाव नाहीच. उद्या, श्रीनिवासराव. जरा धीर धरा."

"धीर धरायचं तू मला सांगतेस?" ते म्हणाले. बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी दर दहा मिनिटांनी टपालपेटी उघडत होते. लोक उत्तर यावं म्हणून देव पाण्यात घालतात, मी उत्तर येऊ नये म्हणून घातले होते. एक वाजून वीस झाले. उत्तर नाही. मी हुश्श केलं आणि दीड वाजता, श्रीनिवासराव डबा खाऊन आल्या आल्या, त्यांना दुवा पाठवला. वर लिहिलं, 'वाचा आणि पटकन हो म्हणा, तीनला डाक जायची आहे.'

पावणेदोन झाले. हिरवा ठिपका आहे, शब्द नाही.

"वाचलंत?"

काही नाही.

"अहो, दीड पान आहे, पोथी नाही."

काही नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा लिहिलं, "आहात ना?"

"आहे."

"मग?"

"कुठं सापडलं तुला हे?"

"तळाशी. अकरा वाचक होते, मी बारावी. आवडलं नाही का?"

ते लिहीत आहेत असं खिडकीत दिसायचं, मग नाहीसं व्हायचं, मग पुन्हा दिसायचं. मी खुर्चीतून उठून खिडकीचे गज धरून उभी राहिले, परत येऊन बसले. शेवटी दोनच शब्द आले.

"चांगलं लिहिलंय."

"चांगलं? नुसतं चांगलं? तुम्हाला झालंय काय आज?"

"तिची परवानगी?"

"पत्र पाठवलं होतं. चोवीस तास झाले."

"उत्तर?"

"नाही आलं. म्हणजे हरकत नाही."

"गप्प बसलं म्हणजे हरकत नाही, हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच! नियम तुमच्या हातचा आहे. मसुदा काढून दाखवू?"

पुन्हा बराच वेळ काही नाही. सव्वादोन. दोन वीस. इरावती रजेवर, दुसरं मत फक्त यांचं, आणि हे आजच नेमके तत्त्वज्ञ झालेले.

"चारुता, एक सांग. त्या बाईला तो नवरा मूर्ख वाटत असेल का?"

"तिला नाही वाटत. मला विचाराल तर तो भित्रट आहे. बायको एवढं करते आणि याला कोरड्या भाजीचासुद्धा अर्थ लागत नाही म्हणजे कमाल आहे."

"नसेल लागला."

"म्हणून म्हणते, हे लोकांनी वाचलं पाहिजे. असे किती असतील."

"असतील."

"मग? हो की नाही? अडीच वाजले."

दोन वाजून अडतीस मिनिटांनी उत्तर आलं. "माझं मत हो. लाव."

मी लगेच पान लावायला घेतलं. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली, "मी आज लवकर निघतो."

"अहो, वाढदिवस आहे! प्रतिक्रिया यायला लागतील, मी एकटी काय काय बघू?"

ठिपका गेला. तीन वर्षांत हा माणूस साडेपाचच्या आधी गेलेला मी पाहिला नव्हता. मी चिडले, पण चिडायलाही वेळ नव्हता.

तीन वाजता डाक गेली. त्यानंतरचा एक तास माझ्या त्या सगळ्या उद्योगातला सगळ्यात आनंदाचा तास होता. वीस प्रतिक्रिया, चाळीस, साठ. कुणी लिहिलं, ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. कुणी लिहिलं, निवडकर्त्यांना दंडवत. मी एकटी हसत होते. कांबळेमामा, आमचे शिपाई, दारातून डोकावून बघून गेले.

चार वाजून बारा मिनिटांनी पत्र आलं.

'कोण आहात तुम्ही? हे ताबडतोब काढा. मला कुणीही विचारलेलं नाही. तुमचं पत्र मी आत्ता बघते आहे. माझ्या घरी कॉम्प्युटर नाही, लॅबमधले डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी चार वाजता दुसऱ्या दवाखान्यात जातात, तेव्हाच मला मिळतो. माझे मिस्टर दिवसभर नेट कॅफेत असतात, मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं आहे. त्यांनी हे वाचलं तर मी काय करू? कृपा करून काढा.' खाली मोबाइल नंबर होता.

पान मी त्या क्षणी झाकलं. पण डाक झाकता येत नाही. मी नंबर फिरवला.

"हॅलो, मी परसदारमधून बोलतेय. पान काढलंय मी."

"काढलंत?" आवाज दबका होता, आजूबाजूला माणसं असावीत. "कुणाकुणाला गेलं?"

"डाकेने... सात हजार लोकांना."

"अगं बाई."

"ताई, नियम असा आहे की चोवीस तासांत उत्तर..."

"नियम?" त्या म्हणाल्या. "मी सहा महिने एका माणसाला जपतेय. सकाळी तो शर्टाला इस्त्री करतो ना, तेव्हा मी तिकडे बघतसुद्धा नाही, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. आणि तुमचा नियम?"

पत्राचा मसुदा समोर उघडा होता, तो मी बंद केला.

"त्या सात हजारांत ते आहेत का, एवढं सांगता येईल? तुमच्याकडे यादी असेल ना?"

"असते. नाव सांगा, मी आत्ता बघते." मला काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटलं. मी यादी उघडलीसुद्धा.

"कुलथे. श्रीनिवास कुलथे."

माझी बोटं टेबलावर तशीच राहिली.

"हॅलो? सापडलं का?"

यादीत ते नाव नसणार हे मला बघायचीही गरज नव्हती. निवडकर्त्यांना डाक जात नाही, ती आम्हीच पाठवतो.

"नाही," मी म्हटलं. "यादीत हे नाव नाही."

"नक्की?"

"नक्की. नाही यादीत."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. "देव पावला. बरं झालं फोन केलात. तुम्हाला बोलले मी जास्त, राग मानू नका." आणि त्यांनी फोन ठेवला. माझी क्षमा मागून ठेवला.

मग मी श्रीनिवासरावांचा नंबर शोधला. निवडकर्त्यांच्या कागदावर होता, कधी लावला नव्हता. बंद. पुन्हा लावला. बंद. दहा ते साडेपाच. कॅफेतल्या खुर्चीला ऑफिस मानून हा माणूस बसत होता आणि मी त्याला सरकारचा जावई म्हणत होते. आणि आज, त्याच्याच बायकोचं लिहिणं त्याच्या हातात देऊन, मी त्याला भित्रट म्हटलं होतं. कमाल आहे म्हटलं होतं. त्यानंतर तो 'लाव' म्हणाला होता आणि उठून गेला होता. कुठे? पुण्यात नदी आहे, पूल आहेत, रेल्वेचे रूळ आहेत. माझ्या डोक्यात काय काय आलं ते सगळं लिहीत नाही.

पाच वाजले. शाळा सुटली. मी फोन लावत होते आणि चालत होते. कपाट क्रमांक एकपासून अकरापर्यंत आणि परत.

"बाई, साडेपाच वाजून गेलं," कांबळेमामा दारात किल्ल्या घेऊन उभे होते. "कुलूप लावायचं हाय."

"थांबा मामा थोडं."

"थांबतोय की. पर कवाधरनं येरझाऱ्या घालताय. घरात कोन आजारी हाय का?"

"घरात नाही."

"मग कुठं?"

"पुण्यात."

"मग हितं फिरून काय हुनार?" मामा म्हणाले. "फोन लावा की त्यास्नी."

"लागत नाही. बंद आहे."

"घरच्यास्नी लावा."

घरच्यांना लावायचा म्हणजे मघाचं 'नाही' परत घ्यायचं. तासभर मी तेच टाळत होते. यादीत नाव नाही हे खरं होतं, असं मी स्वतःला अकरा कपाटं जाऊन येऊन सांगत होते. मामांसमोर उभं राहून मी नंबर लावला.

"ताई, मी मघाची. चारुता नाव माझं. ऐका. कुलथे आमच्याबरोबर काम करतात. कुठलं पान लावायचं ते आम्ही दोघंच ठरवतो, मी आणि ते. त्यांनी तुमचं पान दुपारी वाचलंय. डाकेच्या आधी. दोन-चाळीसला ते उठून गेले, तेव्हापासून फोन बंद आहे."

रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. त्या घरी निघाल्या असाव्यात.

"तुम्ही मघाशी म्हणालात, नाहीत."

"यादीत नव्हते. ते खरं होतं, पण..."

"मला खरंखोटं नका शिकवू. मी सहा महिने तेच करतेय." मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "दोन-चाळीसला? आणि तुम्ही मला पावणेसहाला सांगताय?"

फोन कट झाला. मामांनी कुलूप लावलं. त्या रात्री मी जेवले नाही. पुण्याचा एकही फोन आला नाही आणि मला करायचं धैर्य झालं नाही.

शुक्रवारी सकाळी मी ग्रंथालय उघडलं, कॉम्प्युटर लावला. दहा वाजले. ठिपका नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. नंबर शुभदाताईंचा होता. शुभदा हे नाव मला नंतर कळलं, तोवर त्या 'ताई'च होत्या. पण आवाज पुरुषाचा होता. बारीक, मऊ आवाज.

"चारुता? श्रीनिवास बोलतोय."

मी खुर्चीत बसले आणि रडायलाच लागले.

"अगं, ऐक तर," ते म्हणाले. "मी धड आहे."

"फोन का बंद ठेवलात? मेले असते मी."

"वाजला असता तर उचलून काहीतरी सांगितलं असतं. मीटिंगमध्ये आहे, वगैरे. सवय लागली होती तोंडाला."

"कुठे गेला होतात?"

"घरी. आणखी कुठे जाणार? साडेतीनला दारात होतो. तर कुलूप. आई बहिणीकडे गेलीये, शुभदा लॅबमध्ये. आणि माझ्याकडे किल्लीच नाही. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला दुपारी घराची किल्ली कशाला लागते? एकच किल्ली, ती तिच्याकडे. मग जिन्यात बसलो. वरच्या मुतालिककाकू भाजी घेऊन आल्या, म्हणाल्या, आज लवकर? मी म्हटलं, माझी नोकरी गेली. सगळ्यात पहिल्यांदा त्यांना सांगितलं बघ. फार सोपं गेलं. त्या म्हणाल्या, अरेरे, चहा आणू का."

मला हसू आलं आणि लाज वाटली.

"मग?"

"सहानंतर शुभदा आली, धावत. मला बघितलं आणि खालच्या पायरीवर मटकन बसली. मग ती म्हणाली, उठा, कुलूप काढू दे."

"मी तुम्हाला भित्रट म्हटलं, श्रीनिवासराव."

"म्हणालीस. बरोबर म्हणालीस."

"मग 'हो' का म्हणालात? 'नाही' म्हटलं असतंत तर मी पान बाजूला ठेवलं असतं."

"म्हणूनच. तू बाजूला ठेवलं असतंस, आणि मी सहाला घरी जाऊन म्हटलं असतं, आज फार काम होतं. माझा मला भरवसा नव्हता. सात हजार लोकांना गेल्यावर मग परत फिरता येणार नव्हतं." ते थांबले. "आज डबा नव्हता. सकाळी नऊला दोघं मिळून गेलो आणि दुसरी किल्ली करून आणली. ती आता माझ्या खिशात आहे. थांब, हिला बोलायचंय."

मी सरळ बसले.

"तुमच्यावर माझा राग आहे," शुभदाताई म्हणाल्या. "यांचं चांगलं झालं म्हणून तो जाईल असं समजू नका."

"नाही समजत."

"ती माझी एकटीची जागा होती. यांच्याशी बोलता येत नव्हतं म्हणून तिथे बोलत होते. डॉक्टर गेले की अर्धा तास. मी आज सकाळी डॉक्टर यायच्या आत लॅबमध्ये जाऊन ते सगळं पुसून आले."

"सगळं? चारही लेख?" माझ्या तोंडून आधी हेच गेलं. त्या माणसाचं काय झालं असतं याची रात्रभर काळजी केलेली मी, आणि आता हळहळत होते ती लेखांसाठी. माझ्यातली निवडकर्ती मेली नव्हती.

"सगळं. आणि परत लिहिणार नाही." त्यांनी तसंच केलं. पुढची सगळी वर्षं मी श्रीनिवासरावांना अधूनमधून विचारत राहिले, त्यांना नवी नोकरी लागल्यावरही विचारलं. त्यांचं उत्तर नेहमी एकच, नाही लिहीत.

पण त्या सकाळी त्यांनी फोन ठेवला नाही.

"लोकांनी काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता. "मी बघेपर्यंत तुम्ही पान काढलंत. हे म्हणतात, खूप लोक होते."

"मी नुसतं झाकलंय. मला दिसतात. वाचून दाखवू?"

"वाचा."

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला असावा, कारण मध्येच श्रीनिवासरावांचा खोकला ऐकू यायचा. मी वाचत गेले. एकाने लिहिलं होतं, अशी बायको नशिबाने मिळते. त्यावर त्या "हं" म्हणाल्या, बास. एकाने नवऱ्याला शिव्या दिल्या होत्या, ती मी गाळायला गेले तर श्रीनिवासरावच म्हणाले, गाळू नकोस. कांबळेमामा आत आले आणि दारापाशीच उभे राहून ऐकू लागले.

सत्तर-एक झाल्यावर एक छोटी प्रतिक्रिया आली. जळगावच्या कुणा बाईंची.

'आमचे हेपण रोज सकाळी डबा घेऊन निघतात. दोन महिने झाले, मला शंका येते आहे. तुमचं वाचून हिंमत आली. उद्या संध्याकाळी घरी आले की विचारणार आहे.'

पुढची वाचायला मी तोंड उघडलं तर शुभदाताई म्हणाल्या, "थांबा. हे कधी लिहिलंय?"

"काल. चार वाजता."

"म्हणजे आज संध्याकाळी."

"हो."

"तिचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

"ईमेल आहे."

"मग तिला आत्ताच्या आत्ता लिहा. माझं नाव नको. म्हणावं, आज विचारू नकोस. आधी घराची दुसरी किल्ली करून घे. ती त्याच्या हातात दे, आणि मग विचार."

मी कानाला फोन धरून एका हाताने लिहायला घेतलं. त्या थांबल्या होत्या.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"जातंय."

"गेलं का?"

"गेलं," मी म्हटलं.